सरकारचा सव्वा महिना

मी मूळची साखऱ्याची, दिली कुरुंद्याला. माहेरी कोरडवाहू, सासरी हळद, म्हणून लग्नात पिवळे झालेले हात आजपतुर पिवळेच हायेत. शाळा सातवीपर्यंत. आन् भित्री तर इतकी की वसमतच्या बाजारात गेले तरी मालकाच्या शर्टाचं टोक धरून चालायची. अशी बाई इमानात बसून आखातात गेली आन् तिथं सरकारशी भांडली, हे काय सांगू तुम्हाला, माझं मलाच खोटं वाटतं.

झालं असं, धाकटी लेक मंगल तिकडं ऱ्हाती, जावई एसी दुरुस्तीच्या कामाला. तिला पहिलंच, दिवस भरत आलेले, सासू देवाघरी गेलेली, म्हणजे बाळंतपण मलाच करायचं. तिकीट काढलं, डिंकाचे लाडू बांधले, आन् तेवढ्यात टीव्हीवर सुरू झालं की तिकडच्या देशायचं जुंपायला लागलं, अनावश्यक प्रवास टाळा. थोरला म्हणला, आई, सरकार न्हाई म्हणून राहिलं. म्हणलं, सरकार अनावश्यक म्हणलं, बाळंतपण अनावश्यक हाये काय? मालक म्हणले, काहून जीव धोक्यात घालतीस? म्हणलं, तिन्ही लेकरं झाली तवा तुमी हळदीच्या कढईपाशी होते, तुमी ह्याच्यात बोलू नका. इमानतळावरच्या साहेबानंबी इचारलं, माताजी, जाना जरूरी है क्या? म्हणलं, साहेब, बच्चा थांबता नही. त्यानं हसून ठप्पा मारला.

पोचले, पोरगी झाली, दवाखान्यातून घरी आलो, आन् भोंगे सुरू झाले. खरं सांगते, पहिला भोंगा वाजला तशी मी पळत मोरीत गेले आन् आतून कडी लावून घेतली. बिनखिडकीची तेवढीच एक जागा. मंगल बाहेरून दार वाजवून राहिली, आई, उघड की, आमाला तर घे. अशी मी शूर.

मग जावयाच्या मोबाईलवर आपल्या दूतावासाची सूचना आली. घराबाहेर पडू नका. खिडकीपासून दूर राहा. खाण्यापिण्याचं भरून ठेवा. अफवांवर विश्वास ठेवू नका. मला हसूच आलं. जावई म्हणले, मामी, हसता काहून? म्हणलं, ही तर माझ्या सासूची सूचना हाये. उंबऱ्याबाहेर पाय टाकू नको, खिडकीत बसू नको वारं लागंल, आन् आल्यागेल्या बायायचं कानावर घेऊ नको. सव्वा महिना तिनं मला ह्याच्यातच ठेवलं. म्हणलं, बाळंतिणीला हे नवं न्हाई, आपुन बराबर पाळू.

खाली लिहिलं होतं, दूतावासाच्या संपर्कात राहा. जावयानं नाव नोंदवलं, तेवढ्यानं भागत होतं, पण मला काय ठाऊक? मला वाटलं, संपर्कात म्हणजे रोज बोलावं लागतं. मग पोरीला न्हाऊ घातलं की लावायची फोन. एक साहेब उचलायचे, बोलिए, क्या तकलीफ है? तकलीफ कुछ नही, साहेब, सब बराबर है, बच्ची दूध पिली. साहेब म्हणायचे, अच्छा.

आन् एक दिवस दुसरीच सूचना. ज्यांना शक्य हाये त्यांनी ताबडतोब निघा, दिवसभर बसनं शेजारच्या देशात, तिथून इमान. थोरल्याचा फोन, मालकाचा फोन. मंगलचे टाके ओले, बसायला लागलं तरी कळ यायची, आन् ती रडून म्हणती, आई, तू तरी जाय. मी साहेबाला फोन लावला. म्हणलं, आमी न्हाई येत. साहेब चिडले, ये सरकार की सूचना है, कम से कम आप तो निकलिए. म्हणलं, साहेब, घराबाहेर पडू नका ही सूचनाबी सरकारचीच ना? आमी ती धरली. सव्वा महिना झाल्याबिगर माझी लेक हलत न्हाई, आन् ती हलल्याबिगर मी हलत न्हाई. साहेब म्हणले, सव्वा महिना क्या होता है? म्हणलं, तुमारे माँ कू पूछो.

फोन ठेवला आन् परत मोरीत जाऊन कडी लावून बसले. रागानं म्हणायची सोय न्हाई, भ्यानंच. पण बस आमच्याबिगर गेली.

मग मीच साहेबाला फोन लावायचं बंद केलं, म्हणलं, आता कोण्या तोंडानं बोलायचं. तर दोन रोजानं तिकडूनच फोन आला. काकूजी, फोन नही आया आपका. बच्ची ने दूध पिया? म्हणलं, पिली. मग हळूच म्हणले, माँ से पूछा. डाँट पड़ी मुझे.

सव्वा महिना पुरा करून, पोरीला सूर्य दाखवूनच मी कुरुंद्याला आले. तवर तिकडं निवलं होतं. नात आता रांगती, मोबाईलवर दिसती. मधूनमधून नवी सूचना येती, थोरला वाचून दाखवतो आन् माझ्या तोंडाकडं बघतो. सरकारनं सूचना काढाव्या, त्यायचं ते कामच हाये. सगळ्यायची लेकरं सुखरूप राहोत, त्या साहेबाचीबी. पण मंगलला परत दिवस गेले, तर मी इचारायला थांबणार न्हाई. तिकडं नेलेली पिशवी मी अजून माळ्यावर टाकली न्हाई, दाराआडच्या खुंटीलाच हाये.