मनगटापर्यंत बाह्या

सांगू की नको, असं दोन आठवडे चाललंय माझं, पण आज सांगूनच टाकतो. त्या रविवारी आमच्या चर्चचे पाळकसाहेब गावाला गेले होते, म्हणून प्रवचन माझ्याकडे आलं. विषय मीच निवडला, स्त्रियांचा मर्यादशील पेहराव. बोलता बोलता मी प्रताप नगरच्या रेबेकाकडे बोट दाखवलं. "नागपूरच्या या मे महिन्यातही ही मुलगी मनगटापर्यंत बाह्या घालते. याला म्हणतात मर्यादा!" तिच्या नवऱ्याने सगळ्यांत मोठ्याने "आमेन" म्हटलं.

उपासनेनंतर चहा झाला. रेबेका नळावर कप धूत होती आणि तिच्या बाह्या चिंब भिजल्या होत्या.

"अगं, बाह्या तरी वर कर," मी म्हणालो.

"नको सर, राहू द्या."

पण ओलं पांढरं कापड हाताला चिकटलं होतं आणि त्यातून चार बोटांचे काळेनिळे वळ दिसत होते. मी पाहिलं, हे तिच्या लक्षात आलं.

"सर, त्याले काही म्हणू नका. घरी गेल्यावर मलेच भोगावं लागते."

तेवढ्यात नवरा आलाच. "झाले का वं कप?" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सर, लय भारी बोलले तुम्ही. दर रविवारी हेच सांगत जा. माझं तर ऐकूनच नाही राहिली ही."

ईश्वरविज्ञानात डॉक्टरेट केलेला, चाळीस वर्षं शिकवलेला माणूस मी. त्याला जे उत्तर दिलं ते तिच्यासाठी की माझ्याच भीतीपोटी, ते अजून मला ठरवता येत नाही.

मी "बरं" म्हणालो.