बॅटीतलं शिसं

अहेरीच्या बसस्थानकात निवृत्त शिक्षिका गोकुळाबाई बसची वाट पाहत होत्या. त्यांच्या शेजारीच सॉफ्टबॉलची बॅट घेतलेली एक मुलगी आणि तिचे वडील बसले होते.

"बाबा, सकाळी वाजत नव्हती ही बॅट. आता आत काय खुळखुळते?"

"मासोळीच्या जाळ्याचं शिसं हाय, रोशनी. टोपण काढून मीच भरलं. गोंद सुटला असंन."

"काऊन भरलं?"

"जाळं कसं शिशानं दूर जाते? तसाच बॉल गेला का नाई? आजच्या निवडीत विभागाच्या टीममंदी नाव आलं तुहं."

"पंचानं सांगतलं होतं, बॅटीत काई भरायचं नाई."

"बाकीच्या पोरी नागपूरच्या महागाच्या बॅटी घेऊन येते, ते चालते?"

"त्याइच्यात शिसं नाई, बाबा. पोंभुर्ण्याच्या दिव्यानीचं नाव कटलं माह्यापायी. अन् तिनंच पहिले माह्या पाठीवर थाप मारली."

"तुले कुठी मालूम होतं? तुही चूक नाई."

"आता मालूम हाय ना."

बस आली, तशा गोकुळाबाई उठल्या. मुलीचे वडीलही उठले.

"बस लागली. चाल, पोरी."

"तुमी जा. मी मैदानावर निवडीच्या सरले सांगून येतो."

"तुहं नाव कटंन."

"कटू द्या."

"थांब. बॅट दे इकडे. मीच सांगतो. तू फक्त माह्या बाजूले उभी राय."