टपावरचं कॅरियर

नाही रे वेंडेलिन, चुंबकवालं नको — तुझ्या गाडीचा अर्धा टप काचेचा, चुंबक चिकटणार कशाला? ठेव खाली ते. टपावरची बंद पेटी चांगली, बर्फ वितळायला रस्त्यावर टाकतात ते मीठ स्कीला लागत नाही — पण पेटी चढवलीस की तुझ्या गॅरेजचं दार विसर, तिथेच अडकेल. आत? मागची सीट पाडून? एकदा जोरात ब्रेक मार, मग बघ स्की कुठे येतात ते. मग राहिलं काय? आडव्या दांड्या आणि वर हे चिमट्याचं कॅरियर. रुंद घे, मुलीचा स्नोबोर्ड आहे ना — आणि दांड्या जरा उंच, नाहीतर बोर्डावरचे बूट अडकवायचे पट्टे टपाला घासतात. स्कीची टोकं मागे ठेवायची. हे तुला सांगावं लागतंय, बघ. कारण या गावात कोणाला माहीतच नाही, स्की गाडीवर कशी बांधतात.

कधी बांधावीच लागली नाही ना? खांद्यावर टाकायची, चर्चच्या मागून चालत जायचं, उतारावर वर ओढून नेणाऱ्या लिफ्टपाशी. टपावर स्की दिसली की आम्ही म्हणायचो, आला बघा शहरातला म्युनिककर. सत्तावीस वर्षं ती लिफ्ट मी चालवली, आणि आता कॅरियर विकतोय — गंमतच आहे. तुझा बाप घोटा मुरगळलेला असताना चालत आला होता, गाडी काढ म्हटलं तर दोन दिवस बोलला नाही माझ्याशी. आता काय? जानेवारी लागला, तरी उतारावर बर्फ नाही, गवत. बर्फासाठी वरची हिमनदी गाठायची तर पन्नास किलोमीटर.

रविवारी गावाची सभा आहे, माहीत आहे ना? लिफ्ट ठेवायची की खांब उपटायचे. गेल्या वर्षी एका मताने वाचली — एका. तुझा हात वर होता, मी पाहिला. म्हणून वाटायचं, सगळे येतील माझ्याकडे कॅरियर न्यायला, वेंडेलिन येणार नाही. आलास. तुझी चूक नाही — पोरीला शिकायला बर्फ लागतो, माझ्या आठवणींवर थोडीच घसरणार ती. पण रविवारी येशील ना सभेला? — रविवारीच जायचंय? सकाळीच?

बरं.

खिडकीतून काय बघतोस? ती निळी गाडी? माझीच आहे. हो, कॅरियर लावलंय. मीच लावलं, परवा, गपचूप, दार बंद करून — स्वतःच्याच गॅरेजात चोरासारखा. नात सहा वर्षांची झाली, आपल्या उतारावर एकदाही उभी राहिलेली नाही. तिकडे हिमनदीवर शिकवणीचे वर्ग फक्त रविवारी असतात. मुलीला म्हटलं, हा एक रविवार सोड, सभा आहे. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही हात वर केलात म्हणून बर्फ पडणार आहे का?" भांडलोसुद्धा नाही. हो म्हणालो. तिला वाटलं समजूत पटली — पटली नाही रे, दमलो मी. आणि हे कोणाला बोललो नव्हतो, तुला का सांगितलं कोण जाणे.

घे, उचल. दांड्यांचे स्क्रू पन्नास किलोमीटर झाले की पुन्हा आवळायचे. रविवारी आठला निघशील ना? मीही आठलाच. रस्ता एकच आहे, पुढेमागे दिसूच. दिसलो तर हात करू नकोस. जा आता, दार ओढून घे.