दोन मुलखांतला बंबाखू

(अमडापूर, १९६५ चा हिवाळा. उकंडरावचं तंबाखूचं वावर. बहीण बनाबाई ब्रह्मदेशातून कायमची माघारी आलेली. धुऱ्यापलीकडे कचरूचं वावर.)

उकंडराव : राहू दे बने, हे बंबाखूचं तन उपटू नोको. नांगरच घालतो आता. तंबाखू करनंच सोडून देतो.

बनाबाई : काऊन? अर्धं वावर तं हिरवं हाये, दादा.

उकंडराव : अर्धंच राह्यलं ना! पह्यल्या साली हा बंबाखू एका कोपऱ्यात होता. मंग धुऱ्याधुऱ्यानं पसरला. औंदा निम्मं पीक खाल्लं. तंबाखूच्या मुळीले चिकटते अन् सारा रस पिऊन घेते.

बनाबाई : हा माह्या ओळखीचा हाये. तथी बर्म्यात आमचं यापेक्षा जास्त नुकसान केलं यानं. तिसऱ्या साली तं वाळवाले पानच नोहतं.

उकंडराव : मंग सोडली तंबाखू?

बनाबाई : नाही. फूल दिसलं का उपटायचं अन् जाळायचं. बी धरू द्यायचं नाही. पुढच्या साली जरासं कमी झालं. त्याच्या पुढच्या साली अजून कमी. पीक हातात आलं अन् तिथल्या सरकारनं भायेरच्या लोकायले काढलं, आमाले देशच सोडा लागला. भरलं वावर मांगं टाकून जहाजात बसलो.

उकंडराव : तो मुलूख वेगळा, बाई. पानी वेगळं, माती वेगळी. मीबी उपटून पाह्यला. पुन्हा येते.

बनाबाई : येईलच. त्याचं बी धुळीवानी बारीक. वाऱ्यानं कचरूभाऊच्या वावरातून तुह्या वावरात, तुह्या वावरातून त्याच्या. तथी आमचा शेजारी बर्मी होता. त्याची बोली आमाले समजे ना, आमची त्याले. तरी दोन्ही वावरं आमी संगंच साफ करत होतो.

उकंडराव : कचरूचं नाव काढू नोको.

बनाबाई : काऊन? माह्या लग्नात तुमी दोघं संगं राबले.

उकंडराव : त्यायनं बुद्धाची दीक्षा घेतली. गावकीची कामं सोडली. गावानं बोलनं टाकलं.

बनाबाई : अन् तू?

उकंडराव : मीबी नाही बोललो.

बनाबाई : कचरूभाऊ! ओ कचरूभाऊ! तुमचं किती गेलं हो औंदा?

कचरू : कोन, बनाबाई? कधी आली वं? माह्यं निम्म्याच्या वर गेलं, बाई. पह्यले एवढं नोहतं.

बनाबाई : दादा म्हनते, दोन्ही वावरं मिळून साफ करू.

कचरू : दादा म्हनते का तू म्हनते?

बनाबाई : दादा, बोल ना.

उकंडराव : मी म्हनतो, कचरू.

कचरू : आवाज इसरलो होतो तुहा. येतो मी. पन मजुरीनं येनार नाही, सावडीनं येईन. एक दिवस सारे तुह्या वावरात, एक दिवस माह्या. अन् ज्याचं वावर, त्याच्या घरची भाकर.

उकंडराव : गाव बोलीन, कचरू.

कचरू : बोलीनच. मले त्याची सवय हाये. तुह्यं सांग.

बनाबाई : दादा?

उकंडराव : उद्या आधी तुह्यं वावर घेऊ.

कचरू : नक्की?

उकंडराव : हाव. घरी सिंधूवहिनीले सांगजो, आमी दोघं बहीण-भाऊ जेवाले हाओत.