वीतभर काड्या

— नाही नाही, बूट राहू देत, गॅरेजच आहे. पिस्कॅटवेहून ड्राइव्ह करून आलास ना? केदार. हो, यांच्या फोनवर तुझा मेसेज होता — 'काका, एल्डरबेरीच्या काड्या लावायला मिळतील का?' — काका नाहीत आता. पाच आठवडे झाले. सॉरी नको म्हणूस, सगळे म्हणतात, मला काही होत नाही. काही म्हणजे काहीच.

बस त्या बादलीवर. काड्या यांनी फेब्रुवारीतच कापल्या होत्या — पानं नसतात, झाड झोपलेलं असतं, तेव्हाच कापायच्या. पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर, डोळे बघून. खालचा काप तिरपा, वरचा सरळ, म्हणजे उलटी रोवली जात नाही. चाळीस होत्या. ओल्या कागदात, ब्रेडच्या पिशवीत, फ्रिजमध्ये, कोथिंबिरीशेजारी. मग तेराव्याला इथंच गॅरेजमध्ये निधनशांत केली, आणि होमाला समिधा कमी पडल्या. वेदांतनं, माझ्या मुलानं, फ्रिजमधून ही जुडी आणून दिली — त्याला काय कळतंय, इथं अमेरिकेत जन्मलेला, समिधा काय न् ह्या काय, दिसायला सारख्याच — गुरुजींनी एकेक करून घातल्या. ओल्या सगळ्या, नुसता धूर, अलार्म बोंबलतोय, लोक टॉवेल हलवतायत...

नाही. वेदांतनं नाही. तो बाहेर पाहुण्यांच्या गाड्या लावत होता. मी आणली. गुरुजींनी हात पुढे केला — 'आणखी आहेत का?' — आणि मी उठले, फ्रिज उघडला, जुडी सोडली, दिली. कळत होतं रे. या यांनी कापल्यात, हेही कळत होतं. तरी हात चालला. सगळ्यांना वेदांतचं नाव सांगते, तो बिचारा काही बोलत नाही.

चार राहिल्यात, पिशवीच्या तळाला चिकटलेल्या. धर. पाण्यात ठेव, पाणी बदलत राहा. आधी पानं फुटतील, लगेच हुरळून जाऊ नकोस — ती काडीतल्याच जोरावर फुटतात, खाली मूळ नसतं. यांनीही शेवटच्या दिवशी हॉस्पिटलमध्ये आमटी मागितली होती. वाटीभर प्यायले. मी वेदांतला फोन करून सांगितलं, बाबा सुधारतायत, उद्या ये.

काय? एक ठेवू मला? नको, चारही ने. लागल्या तर लागल्या — मला फोटो पाठवू नकोस. जा आता, ट्रॅफिक लागेल. आणि गॅरेजच्या दाराखाली थांबू नकोस, ते खाली घ्यायचं बटण दाबतेय मी.