मलिद्याचं एक ताट जास्त

आम्ही बेने इस्राएल, अलिबागकडचे यहुदी. काय सांगू तुम्हाला, इथे अबुधाबीत इंडियन म्हटलं की हिंदू की मुसलमान एवढंच विचारतात, यहुदी आणि मराठी एकाच माणसात बसतं हे कुणाच्या डोक्यात येत नाही. गावात आम्हाला शनवार तेली म्हणायचे, तेलाचा घाणा आमचा आणि शनवारी तो बंद. तर माझे पणजोबा घाणा सोडून इंग्रजांच्या पलटणीत गेले आणि पलटणीबरोबर अरबस्तानात, एडनला. तिथे साहेब जमीन मोजायचा आणि पणजोबा साखळी धरायचे. आमची पुष्कळ माणसं तेव्हा तिकडे, शिपाई, कारकून, कंपाउंडर. राज्य साहेबाचं, पण साखळीला हात आमचे होते, ते मी नाकारणार नाही.

एकदा मोजणीत दगड लागले, डोक्याशी एक, पायाशी एक, अशा ओळीच. पणजोबांना कळलं, मुसलमानांच्या कबरी आहेत. साहेबाने विचारलं काय आहे तिकडे, तर हे म्हणाले काही नाही साहेब, दगड आहेत. का म्हणाले? ऊन फार होतं म्हणायचे, साहेब चिडला होता म्हणायचे. नकाशात मोकळी जागा लागली, तिथे छावणीच्या खोल्या उठल्या आणि त्यातल्याच एका खोलीत पणजीने संसार केला. तिला हे कळलं तेव्हा तिने मलिद्याला एक ताट जास्त वाढलं. मलिदा म्हणजे गोड पोहे, खोबरं, फळं, एलियाहू हन्नाबी या आमच्या पैगंबराचं नाव घेऊन करतात आमच्यात. ते ताट त्या झाकलेल्या माणसांचं. घरातलं कुणी ते खात नाही, बाहेरच्याला देतात. आजवर चुकलेलं नाही.

आणि मी झालो सर्व्हेयर, बघा आता. तेवीस वर्षं इथे, घर मोहम्मद बिन झायद सिटीत. गेल्या हिवाळ्यात रास अल खैमाकडे, डोंगराच्या पायथ्याशी एका कंपनीच्या रस्त्याची लाइन टाकत होतो, आणि दगड. डोक्याशी एक, पायाशी एक. मी काम थांबवून मॅनेजरला फोन लावला. मॅनेजर आपलाच, पुण्याचा, फोनवर म्हणतो अहो काका, ओपन लँड लिहा ना, लाइन फिरवली तर दोन महिने जातील, यल्ला, चला, उरका. मी म्हटलं उद्या सांगतो. घरी रिबकाला, माझ्या बायकोला, सांगितलं. ती भाजी चिरत होती. म्हणाली तुमचं काँट्रॅक्ट मार्चला संपतंय, पोरीचं कॉलेज आहे, मला विचारू नका. मग भाजी फोडणीला टाकताना म्हणाली, पण आणखी एक ताट मी वाढणार नाही.

मी ड्रॉइंगवर कबरी लिहिलं आणि कॉपी म्युनिसिपालटीला दिली. लाइन वळली. माझं काँट्रॅक्ट काही वाढलं नाही. मॅनेजर म्हणाला काका, तुम्ही फार जुने आहात. असेन बाबा. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, पण झोप लागते.

आता आठवड्याने गावी जायचं, म्हणून काल मलिदा केला. रिबका ते ताट भरत होती तर लेआ, माझी मुलगी, म्हणते बाबा, नाऊ वी कॅन स्टॉप, नो? मी म्हटलं नाही बेटा, या कबरी वाचल्या, त्या एडनच्या नाही वाचल्या, खलास म्हणायचं तर ते त्यांनी, आपण नाही. ती ताट घेऊन खाली वॉचमनकडे गेली. पेशावरकडचा म्हातारा माणूस आहे, पाच वेळचा नमाजी. बराच वेळ आली नाही. आली तर म्हणते, बाबा, ही आस्क्ड हूज प्लेट इट इज, सो आय टोल्ड हिम. ही प्रेड फॉर देम.

इतकी वर्षं आम्ही ताट वाढत आलो, पण त्यांची स्वतःची प्रार्थना त्यांना काल मिळाली. देव त्या म्हाताऱ्याचं भलं करो.