बांधावरून मारलेली हाक

फ्राउके : अगं, तू आत्ता काय म्हणालीस, कळलं का तुला? ‘मी एक कप चहा होते.’

टोमा : ‘मला एक कप चहा मिळेल का,’ असं म्हणाले मी.

फ्राउके : ते आपल्या जर्मनमध्ये. आपलं ‘बेकोमन’ म्हणजे मिळणं. इंग्रजीतलं ‘बिकम’ म्हणजे होणं.

टोमा : दिसायला सख्ख्या बहिणी आणि नांदतात वेगवेगळ्या घरी.

फ्राउके : अशा पुष्कळ आहेत. त्या बुडालेल्या पाहुण्याची मुलगी शनिवारी आली आणि म्हणाली, ‘तुमच्यासाठी गिफ्ट आणलंय,’ तर घाबरू नकोस. गिफ्ट म्हणजे भेट.

टोमा : भेट? माझ्या गोठ्यात उंदरांच्या औषधाच्या डब्यावर लिहिलंय ते! विषाला भेट म्हणतात? कसली माणसं गं ही.

फ्राउके : टोमा, वही उघड. धडा सातवा. पर्यावरण. म्हण माझ्यामागे : कचरा. प्लास्टिक. हवामानबदल. कचरा वेगळा करणे.

टोमा : बाई, माझा बाप गेला तर मी कुणाच्या दारात जाऊन कचऱ्याचे डबे विचारीन का? मला उपयोगाचं शिकव. धुकं. ओहोटी. चिखल. भरतीच्या पाण्याने आधी भरतात त्या नाळा.

फ्राउके : धुकं तुला आलं. फॉग. ओहोटीही आली. नाळांना चटकन शब्द नाही. ‘पाण्याच्या खोल वाटा’ म्हण.

टोमा : आणि मान कसा द्यायचा? इंग्रजीत अहो-जाहो नसतं म्हणालीस.

फ्राउके : नसतं. लहानथोर सगळ्यांना एकच.

टोमा : मग तिला मी मान देतेय हे तिला कळणार कसं?

फ्राउके : आवाजावरून कळतं. साखर घे. नुसताच ढवळते आहेस मघापासून.

टोमा : आवाजावरून. माझ्या आवाजाचं नको सांगूस मला. त्या दिवशी अख्ख्या किनाऱ्याला ऐकू गेला असेल माझा आवाज.

फ्राउके : नको तो विषय. वाक्यं घेऊ आपण. ‘तुझ्या वडिलांबद्दल मला फार वाईट वाटतं.’ म्हण.

टोमा : येतं ते मला. पुढचं सांग. ‘मी हाक मारली होती.’ ते पाहिजे मला. तिला कळायला हवं की मी नुसती उभी राहून बघत नव्हते. मेंढ्या टाकून धावले मी, या मोडक्या खुब्यानिशी. बांध उतरले, गवत संपेपर्यंत गेले. त्यापुढे पाय चिखलात रुतायला लागला.

फ्राउके : सगळ्यांना माहीत आहे ते.

टोमा : तिला नाही माहीत. तो बराच आत गेला होता गं. गळ्यात दुर्बीण, पायांत ते हिरवे बूट. आदल्याच दिवशी माझ्या मेंढ्यांशी गप्पा मारत होता, कुठल्याशा भाषेत. हसरा म्हातारा. मी ओरडले, तर वळला. हात केला मला. मला वाटलं, समजलं याला. आणि हा पठ्ठ्या पुन्हा समुद्राकडे तोंड करून उभा! दुर्बीण डोळ्याला! मी परत ओरडले. तो आणखी चार पावलं पुढे गेला. तोवर मागची नाळ भरली. मग धुकं उतरलं. मग काही दिसलं नाही.

फ्राउके : टोमा.

टोमा : ऐकू येऊन माणूस असं का करतो? रात्रंदिवस हेच डोक्यात. वेडा नव्हता तो.

फ्राउके : तू ओरडलीस काय पण? जर्मन त्याला येत नव्हतं.

टोमा : ते का मला कळत नाही? इंग्रजीतच ओरडले. एवढा एक शब्द येत होता, तूच सांगितलेला. बंदरावर त्या खानावळीची नवी इंग्रजी पाटी लावली, लाटांचं चित्र काढून, तेव्हा मी विचारलं होतं तुला. तू म्हणालीस, सी म्हणजे समुद्र. मी जीव तोडून ओरडले, ‘सी! सी! सी!’ आणि हाताने दाखवलं, तो बघ येतोय.

फ्राउके : ‘सी’ म्हणालीस तू?

टोमा : काय झालं? अशी का बघतेस? कप खाली ठेव, सांडेल.

फ्राउके : काही नाही. पुढचं वाक्य घेऊ या.

टोमा : फ्राउके, पोरसवदा होतो तेव्हापासून तुला ओळखते. खोटं बोलताना तुझी मान लाल होते. चुकीचा शब्द होता का तो?

फ्राउके : बरोबर होता. सी म्हणजे समुद्र.

टोमा : मग?

फ्राउके : सोड ना.

टोमा : मग काय, बोल!

फ्राउके : सी म्हणजे ‘बघ’सुद्धा. लिहितात वेगळं, पण ऐकायला एकच. कुणी हात पुढे करून ‘सी, सी’ म्हणालं तर इंग्रजीत त्याचा अर्थ... बघ. ते बघ तिकडे. तुला कुठून ठाऊक असणार? मीच अर्धं सांगितलं होतं.

टोमा : म्हणून दुर्बीण लावली त्याने.

फ्राउके : असेल. नक्की कोण सांगणार?

टोमा : मी बघ म्हणाले, म्हणून त्याने बघितलं. मग काय ओरडायला हवं होतं मी?

फ्राउके : आता ते उगाळून काय मिळणार आहे?

टोमा : सांग.

फ्राउके : काहीही चाललं असतं गं. आपल्या घरच्या बोलीत ओरडली असतीस तरी. तुझी आजी पाण्याला काय म्हणायची?

टोमा : वाटर.

फ्राउके : इंग्रजीतही जवळजवळ तेच.

टोमा : म्हणजे मी शहाणपणा केला नसता, गावठी तोंडाने ‘वाटर, वाटर’ म्हणून बोंबलले असते, तर...

फ्राउके : तर काय झालं असतं, ते मला माहीत नाही आणि तुलाही नाही.

टोमा : तू दर हिवाळ्यात वर्ग भरवायचीस. फुकट. मी दारातूनच म्हणायचे, माझ्या मेंढ्यांना इंग्रजी कळत नाही. सगळे हसायचे.

फ्राउके : मीही हसायचे.

टोमा : तिला सांगायला पाहिजे हे.

फ्राउके : मुळीच नाही. ऐक माझं. तिने बाप गमावलाय. पोलिसांनी अपघात म्हणून लिहिलं, तो विषय मिटला. आता तू तिच्या डोक्यात हे भरणार, की एका शब्दापायी गेला? जन्मभर कुरतडेल तिला. आणि उद्या तिने तुलाच धरलं तर?

टोमा : धरू दे.

फ्राउके : हाक मारली, भरती आली, धुकं आलं, मदत बोलावली. चार वाक्यं. चारही खरी. तेवढीच शिकवीन मी.

टोमा : शिकव मग. तेवढीच शिकव.

(शनिवारी ओहोटीच्या वेळी, बांधावर. टोमा आणि ती मुलगी, कॅरिस, इंग्रजीत बोलताहेत.)

टोमा : मी टोमा. या मेंढ्या, माझ्या. प्रवास, चांगला?

कॅरिस : चांगला झाला. तुम्हाला इंग्रजी येतं! मला सांगितलं होतं, येत नाही म्हणून.

टोमा : नाही येत. या हिवाळ्यात शिकते. तू हळू बोल. कृपया.

कॅरिस : हळूच बोलते. माझीही ती घरची भाषा नाही. वेल्समधल्या आमच्या गावात सगळे वेल्श बोलतात. बाबांना तर रागसुद्धा वेल्शमध्येच यायचा.

टोमा : मेंढ्यांशी पण, ती भाषा?

कॅरिस : मेंढ्यांशी बोलले होते? बोलणारच. आमच्या आहेत ना घरी.

टोमा : चांगला माणूस.

कॅरिस : नक्की कुठे होते ते?

टोमा : तिथे. ती काठी, काळी? तिच्या मागे. आता कोरडं. मग पाणी, लवकर. पाण्याच्या खोल वाटा.

कॅरिस : इतकं शांत दिसतं इथून.

टोमा : तुझ्या वडिलांबद्दल मला फार वाईट वाटतं. मी त्यांना हाक मारली. भरती आली. धुकं आलं. मी मदत बोलावली.

कॅरिस : पाठ करून आलात तुम्ही.

टोमा : हो. माफ कर.

कॅरिस : नाही, माफी कशाला! माझ्यासाठी एवढं कुणी केलं नाही. एक विचारू? खरं सांगाल?

टोमा : विचार.

कॅरिस : तुमची हाक त्यांना ऐकू गेली?

टोमा : ...हो.

कॅरिस : कशावरून?

टोमा : वळले. हात केला.

कॅरिस : आणि मग?

टोमा : मग, पुन्हा तिकडे. समुद्र. पुढे चालले.

कॅरिस : ऐकलं, तुम्हाला पाहिलं, आणि पुन्हा समुद्राकडे वळले.

टोमा : हो.

कॅरिस : म्हणजे दादाच खरा होता.

टोमा : दादा? काय म्हणतो?

कॅरिस : आई गेली आणि वर्षाच्या आत बाबा एकटेच इकडे निघून आले. कुणालाही बरोबर घेतलं नाही. दादा म्हणतो, समुद्राकाठी जन्म गेलेल्या माणसाला भरती कळत नाही होय? तो म्हणतो, बाबा चुकले नाहीत. त्यांना परत यायचंच नव्हतं. तेव्हापासून मी त्याच्याशी भांडते आहे. आता आम्ही बोलतही नाही.

टोमा : थांब. पुन्हा सांग. ‘परत यायचंच नव्हतं’. मला नाही समजलं.

कॅरिस : मरायचं होतं त्यांना. स्वतःहून. समजलं?

टोमा : नाही.

कॅरिस : म्हणजे मुद्दाम...

टोमा : समजलं. मी म्हणते, नाही! तसं नाही. ऐक. हे मी शिकले नाही, वाक्य नाही माझ्याकडे. पण ऐक. मी ओरडले, काय? मी ओरडले, ‘सी’.

कॅरिस : सी?

टोमा : सी. मोठं पाणी. समुद्र येतो, समुद्र येतो! मला एकच शब्द माहीत. सी, सी, सी. हात असा. तिकडे. तू आता तिकडे बघितलंस. का?

कॅरिस : तुम्ही ‘बघ’ म्हणालात म्हणून...

टोमा : ते पण.

कॅरिस : अरे देवा.

टोमा : तिकडे पक्षी. खूप खूप. सगळे मिळून वर, मग खाली, ढग जसा. मी म्हणते समुद्र, त्यांना ऐकू येतं बघ. मग ते बघतात. दुर्बीण. चार पावलं, जवळून बघायला. मरायला नाही, मुली. बघायला. मी सांगितलं म्हणून.

कॅरिस : हे तुम्ही पोलिसांना का नाही सांगितलं?

टोमा : माहीत नाही तेव्हा. या आठवड्यात माहीत. माझी मैत्रीण, शिक्षिका, ती म्हणते, सांगू नको.

कॅरिस : मग का सांगितलंत?

टोमा : तू म्हणालीस, मरायचं होतं. ते खोटं.

कॅरिस : मला जरा बसू द्या.

टोमा : बस. गवत ओलं. माझा कोट घे.

कॅरिस : नको. मला तुमचा राग यायला हवा, नाही का? येतोय बहुतेक. मला धड कळत नाहीये.

टोमा : येऊ दे. मी इथेच. मी जात नाही.

कॅरिस : दादाला कसं सांगू हे? फोनवर सांगण्यासारखं आहे का?

टोमा : मी सांगते. तू फोन लाव. हळू बोल म्हण त्याला.

कॅरिस : आत्ता नको. ...ते वळले, म्हणालात. हात केला. कसा? नुसता हलवला?

टोमा : नाही. आधी टोपी. टोपी काढली. इथे धरली, छातीला. मग थोडं वाकले. प्रार्थनेत जसं. मग हात.

कॅरिस : टोपी काढली? नक्की?

टोमा : नक्की. पांढरे केस, वाऱ्यात उभे.

कॅरिस : कुणी पक्षी दाखवला की करायचे ते तसं. शेंबड्या पोराने दाखवला तरी. आम्हाला लाज वाटायची, रस्त्यात टोपी काढून उभे राहायचे म्हणून.

टोमा : काय असतं ते? अर्थ?

कॅरिस : आभार मानले त्यांनी तुमचे.

टोमा : माझे?

कॅरिस : तुमचे.

टोमा : ...

कॅरिस : बोला ना काहीतरी. इंग्रजीत जमत नसेल तर तुमच्या भाषेत बोला. मी ऐकते.

टोमा : त्या भाषेतही नाही जमत.